अटल सेतू, मोऱ्याची लाँच आणि पलीकडचे आम्ही

मोराबंदर

आमचं घर उरणला, मोरा बंदरापासून चालत दहा मिनिटांवर. बाबांनी एकतीस वर्षं माझगावात नोकरी केली आणि ती सगळी वर्षं सकाळी लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरले. मी परळला नोकरी करतो. सुरुवातीची काही वर्षं लाँचने गेलो, नंतर एसटीने जुईनगर आणि पुढे लोकल, आता उरणहून थेट लोकल. मागच्या आठवड्यात मित्राच्या गाडीतून पहिल्यांदाच अटल सेतूवरून घरी आलो. शिवडीला चढलो आणि चिर्ल्याला उतरलो तेव्हा घड्याळात वीस मिनिटंही झाली नव्हती.

खरं सांगतो, पुलावर असताना छाती भरून आली. २१.८ किलोमीटरचा पूल, त्यातले साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. डावीकडे तुर्भ्याचा (ट्रॉम्बेचा) डोंगर, उजवीकडे बुचर बेट आणि त्यामागे घारापुरी. लहानपणी लाँचच्या कठड्याला धरून घारापुरी दक्षिणेकडून बघितलेली. तीच टेकडी दुसऱ्या अंगाने दिसली आणि क्षणभर ओळखूच आली नाही.

घरी आल्यावर मात्र एक गोष्ट डोक्यातून जाईना. माझ्याकडे गाडी नाही, मोटारसायकल आहे आणि ती या पुलावर चालत नाही. रिक्षाही चालत नाही. गाडी असती तरी एका फेरीला २५० रुपये. म्हणजे ज्या जमिनीवर हा पूल उतरतो तिथल्या बहुतेक माणसांनी तो खालून बघायचा.

मला पुलाला नावं ठेवायची नाहीत. इथे मुंबईचे, नवी मुंबईचे, पुण्याचे बरेच जण आहेत आणि काही जण रोज या पुलावरून जात असतील. त्यांचा अनुभव काय? आणि आमच्यासारख्यांना हा पूल वापरता यावा यासाठी काय मागायला हवं?

रोजचा_प्रवासी

उलव्याला राहतो, फोर्टला ऑफिस. आठवड्यातून तीन दिवस पुलावरून जातो, दोघं सहकारी मिळून टोल वाटून घेतो. वाशीमार्गे मला सकाळी दीड तास लागायचा, आता पाऊण तास. मुलगी शाळेतून येते तेव्हा मी घरी असतो. पुलाचा माझ्यापुरता अर्थ तेवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

पण तुमचं म्हणणं पटतं. वाशी, ऐरोली, मुलुंड, दहिसर, मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांचा टोल माफ आहे. समुद्रावरून गेलं तर २५०, खाडीवरून गेलं तर शून्य. त्यामुळे वाशीची गर्दी जितकी कमी व्हायला हवी होती तितकी झालेली नाही, हे मी दोन्ही रस्त्यांवर बघतो.

सात_बेटं

विषय निघाला आहे म्हणून जरा मागे जातो, कारण 'मुंबईला मुख्य भूमीशी जोडणं' या शब्दांत गल्लत होते.

शीवचा बांध डंकन गव्हर्नर असताना, १८०५ च्या सुमाराला पुरा झाला. माहीमचा १८४५ साली. हे दोन्ही बांध मुंबई बेटाला साष्टीशी जोडतात आणि साष्टी हेही बेटच. कुर्ला, वांद्रे, बोरिवली, ठाणे सगळं त्या दुसऱ्या बेटावर. मुख्य भूमी खाडीपलीकडे सुरू होते. तिथवर पक्की वाट आधी रेल्वेने नेली, १८५४ साली, ठाण्याहून कल्याणला जाताना खाडीवर पूल बांधून. मोटारीसाठी कितीतरी वर्षं ठाणे-कळव्याचा वळसाच होता. वाशीचा खाडीपूल आला १९७३ मध्ये आणि तोही साष्टीवरच्या मानखुर्दहून निघतो. जुन्या सात बेटांच्या मुंबईतून निघून मध्ये साष्टीला पाय न लावता थेट मुख्य भूमीवर नेणारा पहिला रस्ता म्हणजे हा शिवडीचा पूल.

टोलबद्दल एक आठवण. माहीमच्या खाडीत होड्या उलटायच्या, माणसं मरायची. सरकार पैसे घालत नव्हतं तेव्हा लेडी जमशेटजी, म्हणजे अवाबाई जीजीभॉय यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले. अट एकच: या वाटेवर कुणाकडूनही टोल घ्यायचा नाही. माहीम-दादरचा एल. जे. रोड त्यांच्याच नावाचा. तिथून बसने जाताना मला ती अट नेहमी आठवते.

मोराबंदर

@सात_बेटं, अवाबाईंची अट माहीत नव्हती. बाबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "बाईने होडीतली माणसं बघितली होती."

शहाबाजची_लेक

होड्या उलटायचा विषय निघाला म्हणून लिहिते. आमच्या घरात १७ जुलै १९४७ ही तारीख कुणी विसरत नाही. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. गटारी अमावास्या होती, मुंबईत कामाला असलेली माणसं सणाला घरी निघाली होती. सहाशेच्या वर माणसं गेली. माझ्या आजीचा थोरला भाऊ त्यात होता. आजी नंतर आयुष्यभर मुंबईला गेली ती पनवेलवरून, अख्खा दिवस घालवून. समुद्रावरून तिने पाऊल टाकलं नाही.

पूल सुरू झाल्यावर मी तिचा फोटो पर्समध्ये ठेवून पुलावरून गेले. टोल किती पडला ते आठवतही नाही. सगळ्यांचा हिशेब पैशांत होत नाही एवढंच सांगायचं आहे.

पाऊणपूल

मी स्थापत्य अभियंता, आता निवृत्त. या पुलावर काम केलेलं नाही, पण खाडीवरच्या पुलांच्या दुरुस्तीत उमेदीची बरीच वर्षं गेली. थोडं लांबतंय, चालवून घ्या.

वाशीचा १९७३ चा पूल पूर्वताणित काँक्रीटचा. त्यात काँक्रीटच्या पोटातून पोलादी तारांचे जुडगे नळ्यांमधून नेतात, ओढून ताण देतात आणि नळीत सिमेंटचं पातळ मिश्रण भरून तारा बंद करतात. ते भरणं कुठे अपुरं राहिलं की खारी हवा आत शिरते आणि तार गंजायला लागते. बाहेरून काही कळत नाही, आत मात्र पुलाची नस कमजोर होत जाते. वाशीत तेच झालं. फार वर्षं न जाताच तारा गंजल्याचं लक्षात आलं, बाहेरून जादा तारा लावून पूल सावरावा लागला, जड वाहनं बंद करावी लागली. शेवटी शेजारी दुसरा पूल १९९७ मध्ये उभा राहिला. एका पिढीच्या आत पूल म्हातारा झाला, आणि ही गोष्ट आमच्या व्यवसायातले लोक विसरलेले नाहीत.

अटल सेतूचा आराखडा शंभर वर्षांच्या आयुष्याचा आहे. बराचसा पूल काँक्रीटचाच, तयार तुकडे ओळीने जोडून उभारलेला. पण जिथून जहाजं जातात आणि जिथे समुद्रतळाशी वाहिन्या आहेत तिथे खांब दाटीने उभे करता येत नाहीत. तिथे पोलादी गाळे टाकले, सर्वांत लांब गाळा १८० मीटरचा. या गाळ्यात रस्त्याची पाटीच पोलादाची असते, तिच्या खाली उभ्या-आडव्या पट्ट्या जोडलेल्या, त्यामुळे वजन काँक्रीटपेक्षा पुष्कळ कमी. आपल्याकडे एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे पहिल्यांदाच झालं. भाग परदेशात घडवले, करंज्याला आणून जोडले आणि अख्खे गाळे तराफ्यावरून समुद्रात नेऊन खांबांवर चढवले. मोराबंदर, तुमच्या गावाशेजारच्या बंदरात हे काम झालं आहे.

रोज जाणाऱ्यांना विनंती: फोटोसाठी पुलावर गाडी थांबवू नका. ताशी शंभरची वाहतूक आहे, मागच्याला थांबायला जागा नसते.

शंभर वर्षं हा आकडा आराखड्यात असतो. तो खरा होतो देखभालीने. टोलचा पैसा देखभालीला जाणार असेल तर मी टोलच्या बाजूने आहे. दुचाकीबंदीच्याही बाजूने आहे. उघड्या समुद्रावरचा आडवा वारा मोटारीला जाणवतो, मोटारसायकलला तो थेट दुसऱ्या मार्गिकेत ढकलेल.

मोराबंदर

@पाऊणपूल काका, वाऱ्याचं मान्य. करंज्याला ते अवाढव्य गाळे आम्ही किनाऱ्यावरून बघायचो, गावातली पोरं फोटो काढायची. मोटारसायकल नको, पण मग बस द्या. माझी मागणी तेवढीच आहे.

बसवाला

बस आहे. बेस्टची एस-१४५, बेलापूर ते वर्ल्ड ट्रेड सेंटर, उलव्यातून. एसटीची शिवनेरी पुण्याहून मंत्रालयाला आणि दादरला याच पुलाने जाते.

मोराबंदर

एस-१४५ उलव्याची. शिवनेरी पुण्याची. दोन्ही आमच्या डोक्यावरून जातात. उरण, जासई, चिर्ले इथून शिवडी-परळला साध्या तिकिटाची बस, एवढं म्हणतोय मी. पूल सहा मार्गिकांचा आहे, बसला त्यात किती जागा लागणार?

लोकलवाला

एक बाजू सुटतेय. १२ जानेवारी २०२४ ला पुलाचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी उरणपर्यंतच्या लोकलचंही झालं. बातम्यांत सगळीकडे पूल दिसला, पण उरणच्या सामान्य माणसाचं आयुष्य त्या लोकलने जास्त बदललं. माझी भाची उरणहून नेरुळला कॉलेजला जाते, पूर्वी घरून परवानगीच मिळाली नसती. गाड्या कमी आहेत, एक चुकली की बराच वेळ बसावं लागतं. बसबरोबर लोकलच्या फेऱ्याही मागा.

न्हावेखाडी

मी इतके दिवस फक्त वाचत होतो. आता लिहितो.

आम्ही न्हाव्याकडचे. माझे आजोबा आणि चुलते खाडीत जाळी लावायचे. कोलंबी, बोय, चिंबोरी. ओहोटीला चिखलात निवट्या. पुलाचं काम चालू असताना आमच्या डोली, म्हणजे डोल जाळी लावायच्या, जागा गेल्या. भरपाईसाठी अर्ज केले, काहींना मिळाली. माझ्या चुलत्यांना नाही, कारण त्यांच्या नावावर होडीचा कागद नव्हता. होडी होती, जाळं होतं, पन्नास वर्षांचं काम होतं, कागद नव्हता. तीन वर्षं हेलपाटे घातले. आता ते एका गोदामाच्या फाटकावर बसतात.

काम संपलं, समुद्र परत शांत झाला, पण खांबांभोवती पाण्याची ओढ बदलली असं जुने लोक सांगतात. जाळं पूर्वीसारखं बसत नाही. मी शास्त्रज्ञ नाही. जे घरात ऐकतो ते लिहिलं.

आणि एक. पूल जिथे उतरतो ती जासई. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या भावासाठी आमची माणसं दि. बा. पाटलांच्या मागे रस्त्यावर उतरली, गोळीबार झाला, पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा नियम त्या रक्तातून आला आणि पुढे सगळीकडे त्याचे दाखले दिले गेले. त्या आंदोलनाला चाळीस वर्षं पुरी व्हायला चार दिवस असताना पूल सुरू झाला. ताशी शंभरने जाणाऱ्याला जासई ही फक्त पाटी दिसते. इथल्या मंडळींनी एकदा तिथे उतरून हुतात्म्यांना हात जोडावेत, अशी माझी विनंती आहे.

रोजचा_प्रवासी

@न्हावेखाडी, दोन वर्षं तुमच्या गावाच्या अंगावरून जातोय आणि मला यातलं काही माहीत नव्हतं. या शनिवारी बायको-मुलीला घेऊन जासईला जाईन.

पेणकरीण

आमच्याकडे आता धाकधूक आहे. पुलाच्या आधाराने नवं शहर येणार म्हणून उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावं २०२४ मध्ये अधिसूचित झाली. शेताच्या बांधावर दलाल उभे असतात. माझ्या सासऱ्यांना दर महिन्याला कुणीतरी भेटायला येतं. खारेपाटातली भातशेती, एकदा भराव पडला की संपली. पूल झाला याचा आनंद आहे, माहेर परळला आहे, सणाला जाणं सोपं झालं. पण रात्री सासरे विचारतात, "आपलं नाव कितव्या यादीत?" तेव्हा काय सांगायचं कळत नाही.

सात_बेटं

पेणकरीण ताईंनी जे लिहिलं त्याच्या मुळाशी एक जुनी कल्पना आहे. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता या तिघांनी सुचवलं होतं की मुंबईने उत्तरेकडे लांबत जाण्यापेक्षा बंदरापलीकडे पूर्वेला जोडशहर वसवावं. म्हणजे माणसं सगळी एकाच दिशेने धावणार नाहीत. १९७० मध्ये सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. समुद्रावरून थेट पूल हवा हा विचारही त्याच दशकातला. पण पूल आधी झाला तो वाशीला. साहजिकच शहर वाशीपासून वाढलं आणि दक्षिणेकडे, उलवे-उरणला पोचायला त्याला चाळीस-पन्नास वर्षं लागली. पूल कुठे उतरतो त्यावर शहर कुठे उगवणार हे ठरतं. आता तो चिर्ल्याला उतरला आहे, तेव्हा भाव तिथेच चढणार. जमीन विकायची घाई करू नका एवढं सासऱ्यांना सांगा. १९७० मध्ये ज्यांनी घाई केली त्यांची नातवंडं आज त्याच जागेवर भाड्याने राहतात, मी असे दोघे ओळखतो.

पाणपक्षी

शिवडीच्या बाजूने कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. मी शिवडीच्या जेटीवर पंधरा वर्षं रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला जाते. दरवर्षी नोव्हेंबरच्या आसपास येतात, मे संपेपर्यंत असतात. पुलाची सुरुवात नेमकी त्यांच्या चिखलपट्ट्यातून आहे. काम सुरू झालं तेव्हा आम्ही धास्तावलो होतो. पक्षी राहतील का, एवढाच प्रश्न असायचा. आवाज कमी करणारी यंत्रं वापरली, पुलावर ध्वनिरोधक लावले. पक्षी पूर्ण सोडून गेले नाहीत, पण जेटीच्या अगदी जवळ जे हजारो दिसायचे ते आता विखुरलेले दिसतात, बरेचसे खाडीत आणखी वर, ऐरोलीकडे. तिकडचा पट्टा २०१५ मध्ये अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. शिवडीच्या चिखलाला तसं संरक्षण नाही, ही माझी खंत आहे.

पुलावरून जाणाऱ्यांनी शिवडी सोडताना दोन्ही बाजूंना नजर टाका. ओहोटी असेल तर चिखलावर गुलाबी रेघ दिसेल. भरतीला काही दिसणार नाही.

रोजचा_प्रवासी

@पाणपक्षी, ओहोटी कधी आहे ते कसं कळणार? रोज नेटवर बघायचं का?

मोराबंदर

याचं उत्तर बाबांकडे आहे. नेट नको, घरातलं कॅलेंडर पुरे. तिथीचा आकडा घ्या, त्याचे पाऊणपट करा, ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, दिवसा आणि रात्रीही. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे पाणी तळाला, म्हणजे नऊला. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी बाराला.

मोरा बंदरात गाळ फार. पाणी तळाला गेलं की लाँच धक्क्याला लागत नाही. त्यामुळे महिन्यातून दोनदा, तीज-चौथीच्या आसपास, बाबांच्या सकाळच्या लाँचचे हाल ठरलेले. संकष्टीचा उपास आणि वर ऑफिसात उशिराचा शेरा. आई आदल्या रात्रीच तिथी बघून डबा लवकर करायची, बाबा एक लाँच आधीची धरायचे. पावसाळ्यात बंदरावर धोक्याचा बावटा लागला की तोही हिशेब संपला, मग ठाण्याचा किंवा वाशीचा वळसा. आमचं घर एकतीस वर्षं पंचांगावर चाललं.

पाणपक्षी

पंधरा वर्षं मी भरतीची तक्तेवही घेऊन फिरतेय. तिथीचं आजच तपासून पाहिलं, अर्ध्या तासाच्या आत बसतं. बाबांना माझा नमस्कार सांगा. आणि त्यांना एकदा पुलावरून घेऊन जा ना. चौथीला सकाळी नऊला.

शहाबाजची_लेक

+१. नक्की न्या. आणि इथे लिहा.

बसवाला

उरण-शिवडी बससाठी अर्जाचा मसुदा मी तयार करतो. एसटी आणि बेस्ट दोघांनाही द्यायचा. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ, दर अर्ध्या तासाने, थांबे उरण, जासई, चिर्ले, शिवडी, परळ. उरण-पनवेलमधल्या सभासदांनी थांबे दुरुस्त करून सांगा. ग्रामपंचायतींचे ठराव जोडले तर अर्जाला वजन येईल.

न्हावेखाडी

गव्हाण आणि न्हावे घाला थांब्यांत. ठरावाचं मी बघतो, दोन्हीकडे ओळखी आहेत.

पाऊणपूल

मसुद्यात एक वाक्य घाला: बससाठी टोल माफ असावा. तिकीट साधं ठेवायचं तर ते आवश्यक आहे. माझी टोलबाबतची भूमिका मोटारींपुरती समजा.

मोराबंदर

रविवारी संकष्टी होती. मित्राची गाडी घेतली आणि आई-बाबांना पुलावरून नेलं.

बाबा पुढे बसले होते. जासईपाशी त्यांनी हात जोडले, १९८४ मध्ये ते दुसऱ्या दिवशी तिथे गेले होते, हे मला रविवारी पहिल्यांदा कळलं. पुलावर चढल्यावर ते सारखे डावीकडे बघत होते. मी विचारलं काय शोधताय. म्हणाले, लाँचची वाट. ती घारापुरीच्या पलीकडून जाते, इथून दिसत नाही, असं मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि तरी बघत राहिले. पुढे तुर्भ्याच्या बाजूला कठड्यावर उंच आडोसा लागला. आई म्हणाली, "इकडचं झाकलंय, तिकडचं उघडंय, बरंय."

शिवडी जवळ आली तेव्हा नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. पाणी पार मागे गेलेलं, करडा चिखल लांबवर उघडा पडलेला आणि त्यावर रोहित. पाणपक्षी ताई, रेघ नव्हती, ठिपके होते, पण खूप होते. बाबा म्हणाले, "या वेळेला आम्ही मोऱ्याला गाळात अडकून बसलेलो असायचो. इथे हे जेवत असायचे."

परळला मावशीकडे जेवलो. मित्र गाडी घेऊन पुढे दादरला गेला, आम्हाला म्हणाला संध्याकाळी सोडतो. बाबांनी नको म्हटलं. भाऊच्या धक्क्यावर गेलो आणि दुपारची लाँच धरली. सात वर्षांनी लाँचमध्ये बसलो, तिघंही. घारापुरी नेहमीच्या बाजूने दिसली. मोऱ्याला तीनच्या सुमाराला पोचलो, पूर्ण भरती होती, लाँच थेट धक्क्याला लागली.

@बसवाला, मसुदा वाचला. उरण चारफाटा हा थांबाही घाला. सह्या गोळा करायला मी उद्यापासून स्टेशनवर आणि बंदरावर उभा राहतो.